उभं राहणारं तेल

करंजवाडीच्या हायस्कुलातल्या प्रयोगशाळेत एकोणीसशे एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीच्या पाच तारखेला परीक्षानळ्या एकतीस होत्या. त्यांतल्या नऊंचे काठ फुटलेले होते, पण बुडं शाबूत असल्यामुळे त्या धड धरल्या होत्या. चंचुपात्रं चार, स्पिरिटचे दिवे तीन, तराजू एक, आणि वजनांच्या पेटीत दोन ग्रॅमचं वजन सोडून बाकी सगळी वजनं. दोन ग्रॅमचं वजन कोणी नेलं आणि नेऊन त्याचं काय केलं, हे कधीच कळलं नाही. बाटल्या छत्तीस, पैकी अकरांवरच्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या. मानवी सांगाडा नव्हता, पण सांगाड्याचा खोका होता. आणि या सगळ्याखेरीज, दक्षिणेच्या भिंतीला टेकून, अमोनियम सल्फेट खताची बावीस पोती होती.

ही मोजदाद रंगनाथ निमसेनं दोनदा केली आणि दोन्ही वेळा आकडे सारखेच आले याचा त्याला आनंद झाला. तो तेवीस वर्षांचा होता, नगरहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, आणि या शाळेत लागून त्याला आठ महिने झाले होते. मूळ तो पाथर्डीकडचा. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन उसाच्या फडावर जायचे आणि तो चुलत्याकडे राहून शाळा करायचा. त्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. अकरावी पास होईपर्यंत त्यानं परीक्षानळी पाहिलेली नव्हती. परीक्षानळी म्हणजे पुस्तकातली आकृती सात. वायू तयार करायचा म्हणजे वहीत वर जाणारा बाण काढायचा. कॉलेजात पहिल्यांदा खरी नळी हातात आली तेव्हा ती इतकी हलकी असते हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्या आश्चर्यात ती फुटली. त्यामुळे करंजवाडीच्या त्या खोलीविषयी त्याच्या मनात जे होतं ते डेड स्टॉक रजिस्टरात लिहिता येण्याजोगं नव्हतं.

पोती आबासाहेबांची. म्हणजे सोसायटीची, पण सोसायटीचे चेअरमन आबासाहेब आणि शाळा समितीचे चेअरमनही आबासाहेब, त्यामुळे पोत्यांनी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना कोणाची परवानगी काढली नव्हती. दिवाळीत सोसायटीच्या गोदामाचा पत्रा उडाला तेव्हा चार पोती ‘दोन दिसांपुरती’ आली. पोती एकदा कुठं बसली की त्यांच्या ओळखीची पोती त्यांना भेटायला येतात, हा निसर्गनियम रंगनाथला पुस्तकात सापडला नव्हता, पण त्याच्या डोळ्यांदेखत तो सिद्ध झाला. आता आबासाहेबांचं म्हणणं असं होतं की टेबलं व्हरांड्यात काढावीत आणि खोली रीतसर गोदाम करावी.

“शास्त्र काय, पुस्तकात ठिवता येतं,” ते शांतपणे म्हणाले होते. “खत पुस्तकात ठिवता येत न्हाई.”

आबासाहेब वाईट गृहस्थ नव्हते. शाळेची जमीन त्यांनीच दिली होती, आणि ती दिली आहे हे ते सहसा दिवसातून एकदाच सांगत. त्यांच्या बोलण्याला उत्तर म्हणून हेडमास्तर वाकचौरे सरांनी घसा साफ केला. हेडमास्तर वादात पडत नसत. वाद वरच्या कार्यालयाकडे पाठवत. योगायोगानं त्याच दिवशी टपाल आलं की वीस तारखेला, शनिवारी सकाळी साडेआठला, जिल्ह्याहून साहेब तपासणीला येत आहेत. मग असं ठरलं की साहेबांनी पाहावं. खोली प्रयोगशाळा म्हणून वापरात दिसली तर पोती जातील. नाही दिसली तर टेबलं जातील. लिटमस कागद लाल-निळा करून दाखवू, असं हेडमास्तरांनी सुचवलं. पण मागच्या तपासणीत साहेबांनी लिटमस पाहत असताना दोनदा जांभई दिली होती, आणि तिची नोंद गावानं घेतलेली होती.

तेव्हा रंगनाथ म्हणाला, “सर, आपण लोहचुंबकाला ओढला जाणारा द्रव करू.”

कॉलेजच्या वाचनालयात त्यानं एका अमेरिकन मासिकातला लेख वहीत उतरवून घेतला होता. अंतराळात इंधनाला वजन नसतं, ते टाकीत वाटेल तिकडे तरंगतं. म्हणून तिकडच्या शास्त्रज्ञांनी तेलात लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडची इतकी बारीक पूड मिसळली की ती खाली बसेचना, आणि अख्खं तेलच चुंबकाच्या मागं जाऊ लागलं. चुंबक जवळ आणला की त्या तेलावर काटे उभे राहतात. त्या महिन्यात माणसं तिसऱ्यांदा चंद्रावर उतरली होती आणि रेडिओवर त्याचीच चर्चा होती, त्यामुळे हेडमास्तरांनाही विषय समयोचित वाटला. फक्त, हे अभ्यासक्रमात आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं रंगनाथनं सांगितलं. मग ते साहेब विचारेपर्यंत बोलायचं नाही, असा निर्णय झाला.

अडचण एकच होती. अमेरिकेत ती पूड तेलात एकोणीस दिवस दळत होते. तपासणीला होते पंधरा.

ही अडचण त्यानं ज्यांच्या घरी तो राहत होता त्या भागूबाईंना जेवताना सांगितली. भागूबाई पन्नाशीच्या, एकट्या, आणि स्वतःचं पीठ जात्यावरच दळणाऱ्या. त्यांनी भाकरी तव्यावर उलटली.

“येकोनीस दिसांचं काय येवढं? मी अठ्ठावीस वर्सं दळतेय.”

त्यांनी जातं देऊ केलं. शेजारणींनी येऊन कोणाचं जातं बारीक दळतं यावर मत दिलं, आणि लोखंड दळल्यावर त्याच जात्यावर बाजरी दळली तर ती अंगाला लागेल की लागणार नाही यावर दोन तट पडले. रंगनाथला मात्र त्या गोंधळात एक गोष्ट सुचली. मोठं दळून बारीक करण्यापेक्षा मुळातच बारीक जन्माला घातलं तर? लोखंडाचे दोन क्षार, एक फेरस आणि दुप्पट फेरिक, पाण्यात एकत्र करून त्यात अमोनिया ओतला की काळा ऑक्साइड साक्याच्या रूपानं खाली येतो, हे तर पुस्तकातच होतं. साका म्हणजे पूडच, आणि ती कोणी दळलेली नसते. साबणाचा लेप दिला की तिचे कण एकमेकांना चिकटणार नाहीत. त्यानं भागूबाईंकडे कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी मागितली. त्यांनी ती दिली, पण लोखंडाला कितीही साबण लावला तरी ते गोरं व्हायचं नाही, एवढं सांगून दिली.

अकरावीच्या वर्गात चौतीस जण होते, सत्तावीस मुलं आणि सात मुली. त्यांच्यासमोर बारा तारखेला पहिला प्रयत्न झाला. रंगनाथनं फळ्यावर समीकरण लिहिलं, ते दोन्ही बाजूंनी तोललं, आणि काळा रंग दिसेल असं सांगून द्रावणं एकत्र ओतली. विटकरी चिखल तयार झाला. चुंबकसूची जवळ नेली तर तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्गानं आदरानं ‘विटकरी’ असं वहीत लिहून घेतलं. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं की सर, हे आमच्या विहिरीतपण असतं.

दोष बाटलीचा होता. फेरस सल्फेटची बाटली शाळेच्या स्थापनेपासूनची. हिरवे खडे हवा खाऊन पिवळे पडले होते, म्हणजे त्यातला फेरस केव्हाच फेरिक झाला होता. ताजा फेरस हवा तर ताजं लोखंड आम्लात विरघळवायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर रंगनाथ थेट सहादेवच्या किराणा दुकानात गेला आणि पावशेर खिळे आणि बाटलीभर रॉकेल मागितलं.

सहादेवनं आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग हातातली पुडी खाली ठेवली. “मास्तर, आज वार कंचा?”

“शनिवार.”

“ठावं हाय, आन् तरी मागताय. खिळं मागताय, वर घासलेटबी.”

शनीच्या उभ्या काळ्या शिळेचं शिंगणापूर तिथून सायकलीवर तासाभराचं. शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊन घरी नेलं तर शनिमहाराज त्याच पिशवीतून घरी येतात, हे त्या भागात बालवाडीच्या पोरालाही माहीत असतं. रंगनाथलाही माहीत होतं. घाईत आठवलं नव्हतं इतकंच. पण त्याच्यातला शास्त्राचा पदवीधर जागा झाला आणि त्यानं विचारलं की रॉकेल तेलात धरायचं का. ही चूक झाली. दुकानाच्या फळीवर बसलेल्या पाच जणांना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. एकाचं म्हणणं, जे बीमधून निघतं तेच तेल. घासलेट जमिनीतून निघतं, म्हणजे ते पाण्यात जमा. दुसऱ्याचं म्हणणं, ज्यानं दिवा जळतो ते तेल. तिसऱ्यानं विचारलं, मग लाकूडबी जळतं, ते तेल का. पाऊण तास हा विषय चालला. अखेर सहादेवनं निकाल दिला की जे आपण पावशेराच्या मापानं ओततो आणि हात फडक्याला पुसावा लागतो ते तेल, आणि ते शनिवारी विकत मिळणार नाही, सोमवारी यावं. रंगनाथला ही व्याख्या रसायनशास्त्राच्या दृष्टीनं फारशी वाईट वाटली नाही.

सोमवारी खिळे आणि रॉकेल मिळालं. खिळे रात्रभर आम्लात राहिले. मंगळवारी असं लक्षात आलं की अमोनियाच्या बाटलीत आता फक्त पाणी उरलं आहे. अमोनिया बहुधा मागच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना हुंगायला देऊन संपवला होता. रंगनाथ डोक्याला हात लावून स्टुलावर बसला, आणि बसल्याजागी त्याची नजर समोरच्या बावीस पोत्यांवर गेली. अमोनियम सल्फेट. एका पोत्याचा कोपरा उंदरानं कुरतडला होता आणि साखरेसारखं खत भुईवर सांडलं होतं. त्यानं दार पुढं लोटलं, चाळीस ग्रॅम गोळा केलं आणि वहीत लिहिलं, ‘जमिनीवरून’. चुना तर हवा तेवढा होता, कारण तपासणी म्हटल्यावर शाळेला सफेदी चालू होती आणि शिपाई गोरक्ष बादली घेऊन खोलीखोलीतून फिरत होता. पोत्यांमागची भिंत त्यानं पोती हातभर ओढून, रंगवून, पुन्हा होती तशी टेकवून ठेवली. खत आणि चुना नळीत तापवला की अमोनिया निघतो. निघाला. शेजारच्या खोलीत आठवीचा इतिहासाचा तास होता. तो संपूर्ण वर्ग डोळे पुसताना पाहून हेडमास्तरांना प्रसंग नीट शिकवला जात असल्याचं समाधान वाटलं.

आता उरला चुंबक. कपाळावरच्या चंद्रकोरीएवढा जो शाळेत होता त्याला टाचण्या उचलतानाही दम लागायचा. पण कपाटावर एक कर्णा होता, लाऊडस्पीकरचा. मागच्या पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांच्या भाषणात तो ‘प्रगतिपथावर’ या शब्दाशी फुटला होता. त्याच्या मागच्या डब्यात चांगला दणकट चुंबक असतो. रंगनाथनं तो उघडायची परवानगी मागितली तर हेडमास्तर खुर्चीत ताठ झाले. कर्णा डेड स्टॉकला आहे. डेड स्टॉकची वस्तू मोडायची तर आधी निर्लेखनाचा ठराव, मग तीन प्रतींत अर्ज, मग जिल्ह्याची मंजुरी. आधीचा एक अर्ज, तुटक्या घंटेचा, गेला त्याला एकोणीस महिने झाले होते आणि दरम्यान नवी घंटाही तुटली होती. मात्र हेडमास्तरांना विज्ञानाविषयी आस्था होती, म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. उघडू नका. न उघडता वापरा.

त्यामुळे अठरा तारखेपासून प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर अख्खा कर्णा तोंड खाली करून उभा राहिला, वर निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या टोकावर, जिथं डब्याचं मागचं झाकण आधीच हरवलेलं होतं तिथं, चिनी मातीची बशी. लांबून ते नेमकं कशासारखं दिसतं, हा विचार रंगनाथच्या मनात आला नाही. तो विचार करायची जबाबदारी इतरांनी घेतली.

शुक्रवारी दुपारी चौतीस जणांसमोर द्रावणं पुन्हा एकत्र आली. या खेपेला साका काळा झाला, एका क्षणात, जणू कोणी पाण्यात दौत उपडी केली. साबणाचं पाणी, उकळी, आम्लाचे थेंब, मग रॉकेल. सगळं हलवल्यावर काळेपणा पाण्यातून उठून रॉकेलमध्ये गेला आणि खाली पाणी नितळ राहिलं. तो पंधरा मिलिलिटर काळा द्रव रंगनाथनं बशीत ओतला, आणि बशी कर्ण्यावर ठेवली. द्रव मधोमध गोळा झाला, फुगला, आणि त्यातून काटे वर आले. पाच. लहानच, ज्वारीच्या दाण्याएवढे. बशी उचलली की बसायचे, ठेवली की उठायचे. मुलं रांगेनं येऊन पाहून गेली, काही रांगेच्या शेवटी जाऊन परत आली. त्यांतल्या कित्येकांनी पुढं आयुष्यात बरंच काही पाहिलं असेल, पण त्या दुपारी खोलीत जी शांतता होती तशी शांतता एरवी शाळेत कधी ऐकू येत नाही.

दारात गोरक्ष उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. “सर, ह्ये उद्या सकाळीबी असंच उभं ऱ्हाईल?”

“राहील.”

“उद्या शनवार हाय.”

“हो, म्हणून तर,” रंगनाथ म्हणाला. त्याच्या मनात साहेब होते.

संध्याकाळी भागूबाईंनी पिठलं वाढताना तीन प्रश्न विचारले. काळं हाय का. काळं आहे. लोखंडाचं का. लोखंडाचं. तेलात? तेलातच म्हणायचं, सहादेवच्या व्याख्येनं. त्या दिवशी भागूबाईंनी पिठल्यावर तेल वाढलं नाही, बाटली उचलून कोनाड्यात ठेवली. रंगनाथ लवकर झोपला.

शनिवारी सव्वासातला तो शाळेत पोचला तेव्हा प्रयोगशाळेच्या पायरीशी चपलांचे सव्वीस जोड होते आणि भागूबाई रिकामी बाटली पदराखाली धरून बाहेर येत होत्या. त्यांनी त्याच्याकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं. आत उदबत्तीचा वास. कर्ण्याला रुईच्या पानांची माळ. पायथ्याशी काळे उडीद, अकरा खिळे, एक घोड्याची नाल, आणि दोन ग्रॅमचं वजन. बशी काठोकाठ भरून ओघळली होती, तिच्याखाली कोणीतरी परात ठेवली होती, आणि परातीतही तेल होतं. गोडंतेल. काटा एकही नव्हता.

रंगनाथनं आधी मोजलं. मोजल्याशिवाय त्याला राग नीट येत नसे. बशी आणि परात मिळून तीनशे चाळीस मिलिलिटर. त्यातले त्याचे पंधरा.

“गोरक्ष,” तो म्हणाला, आणि परातीकडे बोट केलं.

“मी येकटा न्हाई, सर. समद्यांनी थोडं थोडं घातलं.” गोरक्षला त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. “काळं हाय, लोखंड हाय, शनवार हाय, आन् आपल्या पायानं उभं ऱ्हातंय. त्याला कोरडंच ठिवायचं व्हय? आज तुमची परीक्षा. खोली ऱ्हावी म्हनून घातलं.”

रंगनाथला त्याच्यावर ओरडता आलं नाही. त्याच्या आठ महिन्यांच्या नोकरीत त्या खोलीसाठी कोणी काही केल्याचा हा पहिला प्रसंग होता.

साहेब आठ चाळीसला आले. उंच, करडे, खिशाला दोन पेनं. बरोबर हेडमास्तर आणि आबासाहेब. चौतीस जण उठून उभे राहिले. साहेबांनी कर्ण्याभोवती एक फेरी मारली, माळ पाहिली, उडीद पाहिले, बशीतल्या करड्या तेलात स्वतःचा चेहरा पाहिला.

“हे काय आहे?”

“चुंबकीय द्रव, साहेब. चुंबकावर ठेवला की काटे येतात.”

“चुंबकावरच आहे ना?”

“हो.”

“मग?”

“त्यात तीनशे पंचवीस मिलिलिटर गोडंतेल जास्त झालंय, साहेब.”

“का?”

रंगनाथनं एकदा गोरक्षकडे पाहिलं. “आज शनिवार आहे.”

साहेबांनी मान डोलावली. ते शेरेबुकात मावणारं कारण नव्हतं, पण ते जिल्ह्याचेच होते आणि त्यांना ते समजलं. आबासाहेबांना मात्र जे पाहायचं होतं ते पाहून झालं होतं. काल होतं आन् आज न्हाई, असलं शास्त्र व्हरांड्यातबी चालंल, असं ते हेडमास्तरांना हळूच म्हणाले; हळूच म्हणजे आबासाहेबांच्या मानानं, त्यामुळे वर्गाला ते ऐकू आलं. हेडमास्तरांनी घसा साफ केला.

“पुन्हा करतो,” रंगनाथ म्हणाला. “सुरुवातीपासून. आत्ता.”

आणि मग जे झालं त्यात त्याला फारसं काही करावं लागलं नाही. कोणीतरी तराजू ओढला, कोणी खिळ्यांचं उरलेलं हिरवट द्रावण गाळायला घेतलं, दोघींनी साबण किसला, दिवे पेटले. एक नळी फुटली, आता तीस. अमोनिया करायची वेळ आली तेव्हा रंगनाथ चंचुपात्र घेऊन सरळ पोत्यांकडे गेला आणि सगळ्यांदेखत त्या कुरतडलेल्या पोत्यातून चाळीस ग्रॅम काढून घेतलं.

“मास्तर, ते खत सोसायटीचं हाय,” आबासाहेब म्हणाले.

“हो. यातूनच अमोनिया निघतो.” त्यानं बादलीतला चुना त्यात कालवला, नळी दिव्यावर धरली आणि तोंड फिरवलं. आबासाहेबांनी तोंड फिरवलं नाही. पुढचं मिनिटभर ते उपरणं डोळ्यांना लावून उभे होते.

“ह्यो वास,” अखेर ते म्हणाले, “माझ्या खतातला?”

“खताचा जोरच तो. त्याला ओला चुना लागला की तो वायू होऊन उडून जातो. मागं राहतं ते पिकाच्या कामाचं नाही.”

“चुना लागला की.”

“हो.”

आबासाहेबांनी उपरणं खाली घेतलं. त्यांनी दक्षिणेच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीशुभ्र होती, चार दिवसांपूर्वी दोन हात दिलेली, आणि तिच्या अंगाला अंग लावून बावीस पोती बसली होती. ते चालत गेले, पोती आणि भिंतीच्या मधल्या फटीत नाक घातलं, आणि झटक्यात बाहेर काढलं.

“म्हंजी माझं खत भित्तीत चाललंय?”

“भिंतीत नाही. हवेत.”

“रोजचं किती?”

“ते मी मोजलेलं नाही,” रंगनाथ म्हणाला.

तो खरंच बोलत होता. न मोजलेला आकडा सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण कोणत्याही आकड्यानं आबासाहेब इतके हादरले नसते. थोडं म्हणाला असता तर ते घासाघीस करू शकले असते. त्यांनी दारातूनच बैलगाडीला हाक दिली. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. साडेनऊला पहिलं पोतं निघालं, आणि शेवटचं निघालं तेव्हा आबासाहेब स्वतः गाडीच्या मागं चालत होते, एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात नेतात तसे.

साहेबांना पावणेअकराची शेवगाव गाडी गाठायची होती. काटे येईपर्यंत त्यांना थांबता आलं नाही. शेरेबुकात त्यांनी लिहिलं: ‘प्रयोगशाळा वापरात आहे. वास येतो.’ ते बुक त्या शाळेत पुढं कित्येक वर्षं होतं आणि हेडमास्तर वाकचौरे येणाऱ्याजाणाऱ्याला ते पान उघडून दाखवत. दुसऱ्या वाक्यावर अंगठा ठेवून.

सकाळची शाळा अकराला सुटली. चौतीसपैकी एकही जण घरी गेला नाही. साका काळाभोर उतरला होता, साबणानं न्हाला होता, आणि रॉकेलची बाटली उपडी केल्यावर तिच्यातून तीन थेंब पडले. रंगनाथनं बाटली उजेडाकडे धरून पाहिली. उरलेलं रॉकेल शुक्रवारी शाळेच्या कंदिलात गेलं होतं. दुकान समोर होतं, आणि वार शनिवार होता.

“मी जातो,” गोरक्ष म्हणाला.

तो गेला तो पंधरा मिनिटं आलाच नाही. खिडकीतून दिसत होतं: सहादेव मान हलवतोय, फळीवरचे पाच जण बोलतायत, गोरक्ष टोपी हातात घेऊन उभा. मग सहादेव उठला. त्यानं डब्यातून माप भरलं, बाटलीत ओतलं, हात फडक्याला पुसला आणि गोरक्षबरोबर स्वतःच रस्ता ओलांडून आला. बाटली त्यानं रंगनाथच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

“शनवारी इकत न्हाई,” तो म्हणाला. “दान म्हनून हाय. शनवारी तेलाचं दान चालतं. उलट चांगलं.”

“मला पंधरा मिलिलिटरच पाहिजे.”

“दान मोजत न्हाईत, मास्तर,” सहादेव म्हणाला आणि परत न जाता भिंतीशी उभा राहिला. त्याच्यामागं फळीवरचे पाच जणही आले होते. थोड्या वेळानं भागूबाई आल्या, बाटलीशिवाय.

रंगनाथनं पंधरा मिलिलिटर मोजून घेतलं. नळी हलवली. काळेपणा वर चढला. गोरक्षनं बशी घासूनपुसून कोरडी करून आणली, उजेडाकडे धरून दाखवली, आणि कर्ण्यावर ठेवताना त्याचा हात किंचित थांबला.

“आता ह्याच्यात कोनी काय घालायचं न्हाई,” तो सगळ्यांकडे पाहत म्हणाला.

दक्षिणेची भिंत मोकळी झाल्यामुळे खोली होती त्यापेक्षा मोठी वाटत होती. उन्हाची तिरीप टेबलापर्यंत आली होती. रंगनाथनं द्रव ओतला, मिलिलिटरभर नळीलाच चिकटून राहिला. खिशातली पट्टी काढून तो खाली वाकला. गोरक्ष काटे मोजू लागला, एकदा मोठ्यानं आणि एकदा मनात. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला, आणि रंगनाथनं तो वहीत लिहून घेतला.

दुपारी एक वाजून दहा मिनिटं. द्रव, चौदा मिलिलिटर. पोती, शून्य. काटे तेवीस, सर्वांत उंच, साडेचार मिलिमीटर.